गुडघ्याला हात लावू देण्याआधी दोन प्रश्न विचारा

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण घरात कबड्डी खेळणारा, पोलीस भरतीसाठी पळणारा किंवा बोटीवर जाणारा कोणी असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्या उरण तालुक्यात कबड्डीच्या एका रात्रीच्या स्पर्धेवर किती खर्च होतो, याचा हिशोब कधीतरी मांडून बघा. मॅट, लाइट, साउंड, मंडप, चषक, टी-शर्ट, यूट्यूबवर लाइव्ह, पाहुण्यांच्या शाली आणि श्रीफळं. वर रोख बक्षिसं. उत्कृष्ट चढाईला वेगळं, उत्कृष्ट पकडीला वेगळं. करंजा असो, जासई असो, चिरनेर असो, बॅनरवर पन्नास फोटो असतात. या सगळ्या खर्चात एक ओळ मात्र मला आजवर क्वचितच दिसली: मैदानावर फिजिओ.

मग पोरगा पडला की काय होतं? दोघंतिघं धावतात. एकजण स्प्रे मारतो, दुसरा पाय ओढतो, तिसरा म्हणतो, "काय नाय झाला, ऊठ." पोरगा उठतो, लंगडत बाहेर जातो, टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्यासारखा सुजलेला असतो. मग कोणीतरी सांगतं, अमक्या गावात एकजण बसतो, त्याच्या हाताला गुण आहे, दोनदा चोळून घे, सरळ होईल. पोरगा जातो. दोनदा चोळून घेतो, चारदा चोळून घेतो. महिन्याने पुन्हा मैदानात उतरतो आणि पहिल्याच चढाईत गुडघा निसटतो. त्यानंतर तो पोरगा आपल्याला स्कोअर लिहिताना दिसतो, नाहीतर माईकवर.

वीस वर्षं मी या भागातल्या स्पर्धांच्या बातम्या लिहितोय. असे किमान डझनभर खेळाडू माझ्या डोळ्यासमोर आहेत. त्यांचं नशीब फुटलं असं आपण म्हणतो. मला ते पटत नाही. त्यांना योग्य वेळी योग्य हात मिळाला नाही, हे खरं कारण आहे. आणि योग्य हात कुठला, हे ओळखायचं कसं, ते त्यांना कोणी सांगितलंच नाही. त्याबद्दलच ही पोस्ट.

मी मालिशच्या विरोधात नाही

हे आधी सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये लगेच सुरू होईल. मालिश आपल्याकडे बाहेरून आलेली नाही. बाळाला आणि बाळंतिणीला चोळणारी बाई आपल्या प्रत्येक गावात होती, अजून काही ठिकाणी आहे. डोल ओढून, जाळी उपसून आलेल्या खलाशाच्या पाठीला रात्री खोबरेल नाहीतर राईचं तेल लागतंच. कोल्हापूरच्या तालमींत पहिलवानाचं अंग रगडणं हा रोजच्या मेहनतीचाच भाग. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं, त्या परंपरेत वस्ताद, खुराक, माती आणि मालिश हे सगळं एकत्रच होतं. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते याच मातीतून आले.

आणि अलीकडचं उदाहरण घ्या. २०११ मध्ये वानखेडेवर आपण विश्वचषक जिंकलो, तेव्हा भारतीय संघाबरोबर रमेश माने होते. खेळाडू त्यांना माने काका म्हणत. काम काय? मालिश. जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्रिकेट मंडळाला आपल्या संघाबरोबर मालिश करणारा माणूस लागतो, म्हणजे त्या कामात काहीतरी दम आहे.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या संघात माने काकांच्या बरोबरीने फिजिओ होता, ट्रेनर होता, डॉक्टरला गाठायची सोय होती. कोणाला चोळायचं आणि कोणाला चोळायचं नाही, हे ठरवणारी यंत्रणा होती. सचिनचं टेनिस एल्बो आठवतंय ना? २००४ मध्ये सुरू झालं. ते चोळून गेलं नाही. २००५ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली. आपल्याकडे मालिशवाला एकटाच असतो. तोच डॉक्टर, तोच फिजिओ, तोच एक्स-रे. दोष त्याच्या हाताचा नाही, त्याच्यावर टाकलेल्या भाराचा आहे.

मालिशने काय होतं, काय होत नाही

यावर बराच अभ्यास झालेला आहे. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी २९ अभ्यास एकत्र करून तपासले, त्यात मिळून १,०१२ जण होते. निष्कर्ष साधा होता. खेळाच्या मालिशने ताकद, उडी, वेग, दमसास यात फरक पडल्याचं दिसलं नाही. लवचिकता थोडी वाढली. आणि कडक व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग ठणकतं ते थोडं कमी झालं. बस. फायदा खरा आहे, पण छोटा आहे.

म्हणून कोणी सांगितलं, "माझ्याकडे मॅचच्या आधी एकदा चोळून घे, बघ कसा वाघासारखा पळतोस," तर हसून सोडून द्या. तसंच ते "लॅक्टिक अॅसिड काढून टाकतो" वालं. व्यायामात तयार झालेलं ते लॅक्टेट शरीर आपलं आपणच साधारण तासाभरात निपटवतं. दुसऱ्या दिवशीच्या ठणक्याचं कारण ते नसतंच. त्यासाठी कोणाला पैसे द्यायची गरज नाही.

पण स्नायू आखडलेत, सलग तीन सामने खेळून पोटऱ्या दगड झाल्यात, पाठ जड झालीय, झोप लागत नाही, अशा वेळी चांगल्या हाताची मालिश उपयोगी आहे. आराम वाटतो, अंग मोकळं होतं, मन शांत होतं. खेळाडूला त्याची किंमत असते. फक्त ती दुखापतीचा इलाज आहे असं समजू नका.

कधी हात लावू द्यायचा नाही

हे कापून ठेवा, स्क्रीनशॉट काढा, काय करायचं ते करा.

पहिलं. ताजी दुखापत. घोटा मुरगळला, स्नायू फाटला, सूज येतेय. पहिले दोन-तीन दिवस मालिश नाही, शेक नाही, दारू नाही, पळणं नाही. आत रक्तस्राव होत असतो. चोळलं की तो वाढतो. पट्टी बांधा, पाय उंच ठेवा, दुखणं कमी करायला फडक्यात गुंडाळून बर्फ लावा. आजीची आंबेहळद वरून लावली तर ठीक, पण रगडू नका.

दुसरं. मांडीवर समोरच्याचा गुडघा बसला आणि आत गाठ झाली. कबड्डीत हे रोजचं. "गाठ फोडून देतो" म्हणणारे बरेच भेटतात. अजिबात फोडून घेऊ नका. आत साकळलेल्या रक्तावर जोर लावला तर कधीकधी त्या जागी स्नायूत हाडासारखा कडक गोळा तयार होतो आणि महिनोन्‌महिने खेळ बंद.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. गुडघ्यात कट्‌ असा आवाज आला, काही तासांत गुडघा सुजला, नंतर वळताना गुडघा निसटतोय असं वाटतंय. हे बहुतेक वेळा लिगामेंटचं प्रकरण असतं. बीडचा आपला अविनाश साबळे घ्या, २०२३ च्या आशियाई खेळांत स्टीपलचेसचं सुवर्ण आणणारा. २०२५ च्या जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत तो पाण्याच्या अडथळ्यावर पडला, गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि शस्त्रक्रिया करावी लागली. इतक्या मोठ्या खेळाडूचं लिगामेंट चोळून जुळत नाही, तर आपल्या पोराचं कसं जुळेल? उलट निसटणाऱ्या गुडघ्यावर खेळत राहिलं की आतली गादी आणि कूर्चाही झिजते. आधी अस्थिरोगतज्ज्ञ, गरज वाटली तर एमआरआय. प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही, पण निर्णय तपासून व्हायला हवा.

चौथं. भरतीवाल्या पोरापोरींसाठी खास. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. शारीरिक चाचणी ५० गुणांची. म्हणून पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर, जुन्या बुटांत पळणं सुरू. दोन महिन्यांत नडगी दुखायला लागते. नडगीच्या आतल्या कडेने लांबलचक दुखत असेल तर बहुधा सूज आहे. पळणं कमी करा, बूट बदला, मातीवर पळा, बरं होतं. पण एका बोटाने नेमकी जागा दाखवता येते, तिथेच कळ येते, एका पायावर उडी मारली की जीव जातो, रात्री झोपेतही ठणकतं, तर हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या आठवड्यांत एक्स-रेमध्ये ती दिसेलच असं नाही. तिथे कोणी अंगठ्याने रगडलं तर भरती राहिली बाजूला, पाय प्लास्टरमध्ये जाईल.

पाचवं. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागतेय, दुखतेय, विशेषतः प्लास्टरनंतर, ऑपरेशननंतर किंवा बरेच दिवस पडून राहिल्यावर. ही रक्ताची गुठळी असू शकते. चोळली आणि सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. सरळ दवाखाना. तसंच कंबरदुखीबरोबर पाय बधिर पडतोय, लघवीवर ताबा राहत नाही, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल. "उसण भरलीय" म्हणून घरी बसू नका.

कोण कोण असतं, ते ओळखा

आपल्याकडे सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतात, तिथूनच गोंधळ सुरू होतो.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे पदवीधर. साडेचार वर्षांचा बीपीटीएच, त्यात सहा महिने इंटर्नशिप. आता नव्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तो पाच वर्षांचा होतोय. महाराष्ट्रात यासाठी २००२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे. तिथे नोंदणी असलेला माणूसच फिजिओ. २०२१ मध्ये केंद्रानेही अशा सगळ्या आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला.

मालिश करणारा किंवा स्पोर्ट्स मसाज थेरपिस्ट. यांच्यासाठी आपल्याकडे अशी वेगळी परिषद नाही. कौशल्य विकासाच्या योजनेत स्पोर्ट्स मसाजचा अभ्यासक्रम आहे, खासगी कोर्स आहेत, आणि तालमीत शिकलेले जुने जाणते आहेत. पण बोर्ड लावायला कोणाची परवानगी लागत नाही. जपानमध्ये मालिश करायलाही किमान तीन वर्षं शिकून राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, मग परवाना मिळतो. तिथे अंध माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हा व्यवसाय सन्मानाने केला. आपल्याकडे आठ दिवसांचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं की झाला थेरपिस्ट.

मग स्पा. गार खोली, सुवास, मंद गाणी. आराम करायला जायचं असेल तर जा, पण तिथे दुखापत घेऊन जाऊ नका.

आणि हाडवैद्य. यांच्याबद्दल लोकांच्या मनात श्रद्धा आहे, मला माहीत आहे. पण हाड मोडलंय की नाही हे हाताने कळत नाही. घट्ट बांबूच्या पट्ट्या बांधून रक्तपुरवठा बंद झाला तर हात किंवा पाय कापायची वेळ येते. आधी एक्स-रे, मग बाकीचं.

चांगला माणूस कसा ओळखायचा

माझंच सांगतो. टायपिंग आणि मोटरसायकल, दोन्हींमुळे माझा उजवा खांदा मागे चार महिने वर जात नव्हता. पहिल्यांदा गेलो ती जागा चकाचक होती. नाव सांगत नाही. माणसाने काही विचारलं नाही, पालथं झोपवलं आणि पाऊण तास कोपराने दाबलं. "दुखतंय म्हणजे लागू पडतंय" म्हणाला. पाठीवर निळे डाग पडले. शेवटी दहा सेशनचं पॅकेज पुढे केलं, आज भरलं तर सूट.

नंतर एका फिजिओबाईंकडे गेलो. पहिली वीस मिनिटं त्यांनी मला हातच लावला नाही. कधीपासून, कसं सुरू झालं, रात्री कुठल्या कुशीवर झोपता, साखर आहे का, गोळ्या कुठल्या, काम काय, गाडी किती. मग हात कुठवर जातो ते मोजलं, लिहून ठेवलं. काय झालंय ते मराठीत समजावलं. थोडं हाताने मोकळं केलं, तीन व्यायाम दिले, माझ्याकडून करून घेतले. म्हणाल्या, तीन आठवड्यांत इतका फरक पडला नाही तर आपण डॉक्टरांकडे पाठवू. पॅकेजचं नाव नाही.

चांगल्या माणसाच्या खुणा त्यात सगळ्या आल्या. तरी सुट्या करून सांगतो.

तो हात लावण्याआधी विचारतो. तो तपासतो आणि दोन्ही बाजू ताडून बघतो. काय झालं असावं हे तुमच्या भाषेत सांगतो. काय येत नाही हेही सांगतो, आणि "हे माझं काम नाही, डॉक्टरकडे जा" म्हणायला लाजत नाही. दाब जास्त झाला तर सांगा म्हणतो आणि सांगितल्यावर कमी करतो. घरी करायचे व्यायाम देतो. पुढच्या वेळी आधीपेक्षा किती फरक पडला ते मोजतो. किती वेळा यावं लागेल याचा अंदाज देतो.

आणि उलट खुणा. एका हिसक्यात बरं करतो. सगळ्या दुखण्याला एकच तेल. "नस चढली", "शीर सरकली", "हाड जागेवर नाही" ही तीनच निदानं. डॉक्टरकडे गेलात तर बिघडेल अशी भीती. सगळे पैसे आधीच. आणि एक फार धोकादायक खूण म्हणजे पुडी. बिनानावाची पावडर किंवा गोळी देतो, दोन दिवसांत चमत्कार होतो. अशा पुडीत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. दुखणं झाकलं जातं, पोरगा दुखावलेल्या पायावर खेळतो, आणि वर उत्तेजक चाचणीत सापडला तर "मला माहीत नव्हतं" हे उत्तर चालत नाही. नियम असा आहे की शरीरात जे सापडलं त्याला खेळाडूच जबाबदार.

तुम्ही विचारायचे दोन प्रश्न: "तुमची नोंदणी किंवा शिक्षण कुठलं?" आणि "मला नेमकं काय झालंय असं तुम्हाला वाटतं?" पहिल्यावर जो चिडतो आणि दुसऱ्यावर जो गोलगोल बोलतो, त्याच्या दारातून परत फिरा.

खेळाडूचीही जबाबदारी आहेच. उपयोगी उपचार म्हणजे पडून राहून दुसऱ्याकडून करून घ्यायची गोष्ट नाही. दिलेले व्यायाम नव्वद टक्के पोरं करत नाहीत, हे मला प्रत्येक फिजिओने सांगितलंय. एक फुकटचा व्यायाम सांगतो. गुडघ्यांवर बसायचं, मागून जोडीदाराने घोटे धरायचे आणि शरीर सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. त्याला नॉर्डिक म्हणतात. २०१९ मध्ये जवळपास साडेआठ हजार खेळाडूंवरच्या १५ अभ्यासांचा आढावा निघाला. ज्या संघांनी हा व्यायाम धरला तिथे मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. ना तेल, ना पैसे. फक्त नियमितपणा.

मुलींच्या पालकांसाठी

हे स्पष्ट लिहितो, कारण कोणी लिहीत नाही. आता आपल्या गावागावांत मुलींचे संघ आहेत, मुली भरतीला पळतायत, खाडीत पोहतायत. त्यांना दुखापत झाली तर उपचार लागणारच. "बाईमाणसाला कोण हात लावणार" म्हणून घरी बसवू नका आणि कोणाच्याही ताब्यात एकटीला सोडूही नका.

अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने उपचाराच्या नावाखाली वर्षानुवर्षं मुलींवर अत्याचार केले. २०१८ मध्ये दीडशेहून जास्त जणींनी कोर्टात उभं राहून सांगितलं, तेव्हा त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. तो पदवीधर होता, नामांकित होता, सगळ्यांच्या विश्वासातला होता. म्हणून नियम माणूस बघून ठरवायचा नाही, सगळ्यांना सारखाच. अठराच्या आतल्या मुलीबरोबर आणि मुलाबरोबरही पालक किंवा शिक्षिका खोलीत हजर. कुठे हात लावणार, का लावणार, हे आधी सांगायचं. कपडे किती बाजूला करायचे ते खेळाडू ठरवणार. नको म्हटलं की थांबायचं. चांगल्या थेरपिस्टला याचा राग येत नाही, तो स्वतःच आधी सांगतो.

"आमच्या वेळी कुठे होता फिजिओ?"

हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. जुने खेळाडू आदराचेच आहेत. बुवा साळवींसारख्या माणसांनी कबड्डी गल्लीतून उचलून आशियाई खेळांपर्यंत नेली, १९९० मध्ये बीजिंगला ती पदकाचा खेळ झाली. पण जुन्या खेळाडूंना आज चालताना बघा. किती जणांना जिना उतरता येतो? आमच्या वेळी नव्हता म्हणून आता नको, हे म्हणणं म्हणजे आमचे गुडघे गेले, तुमचेही जाऊ द्या.

दुसरा मुद्दा पैशांचा. फिजिओ महाग आहे, गाव लांब आहे. करंजाच्या पोराला पनवेल किंवा नेरूळला जायचं तर दिवस मोडतो, हे खरं. उरणला मोठं सरकारी रुग्णालय हवं ही मागणी आपण किती वर्षं करतोय, तेही खरं. पण काही गोष्टी आता जवळ आल्यात. २०२४ च्या जानेवारीपासून लोकल उरणपर्यंत येतेय. कामोठ्याला एमजीएमचं फिजिओथेरपी कॉलेज आहे, नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा आहे. कॉलेजच्या ओपीडीत खासगीपेक्षा कमी पैशांत तपासणी होते आणि विद्यार्थ्यांच्या डोक्यावर प्राध्यापक असतात. एकदा नीट निदान करून, व्यायाम शिकून घेतले की दर आठवड्याला जायची गरज नसते. चार महिने इकडेतिकडे चोळून घ्यायला जो खर्च होतो, त्यात हे सहज बसतं.

आणि मोडलेल्या गुडघ्याचा खर्च कोणी मोजतो का? सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. राज्याकडून खेळलेल्या पोराला त्यातून आयुष्याची नोकरी लागते. आपल्या भागात जमिनी सिडकोत गेल्या, बंदरात गेल्या. खाडीतली मासळी कमी झाली. अशा घरातल्या पोराचा गुडघा हीच त्याची सात-बारा आहे. ती आपण स्प्रेच्या भरवशावर सोडतो.

मग करायचं काय?

माझ्या चार मागण्या आहेत. सरकारकडे कमी, आपल्याकडे जास्त.

एक. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी एका बॅनरचे पैसे वाचवून मैदानावर नोंदणीकृत फिजिओ बसवावा. सोबत स्ट्रेचर, बर्फ, पट्ट्या आणि एक गाडी तयार. फिजिओने बाहेर बस म्हटलं की खेळाडू बाहेर. कॅप्टनचं, प्रायोजकाचं, गावाच्या इज्जतीचं ऐकायचं नाही. तालुका कबड्डी संघटनेने परवानगी देतानाच ही अट घालावी.

दोन. आपल्या तालुक्यात बंदर आहे, तेल-वायूचा प्रकल्प आहे, गोदामं आहेत. कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, आणि त्या यादीत ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण आहे. टी-शर्ट आणि चषक देण्यापेक्षा महिन्यातून दोनदा फिजिओथेरपीचं शिबिर द्या म्हणावं. कॉलेजं जवळच आहेत, जोडून देणारा माणूस हवा. ग्रामपंचायतींनी एक पत्र लिहायला हरकत नाही.

तीन. जे जुने मालिश करणारे आहेत, त्यांना हिणवू नका. त्यांच्या हातात जे आहे ते पुस्तकातून येत नाही. त्यांना चार दिवस फिजिओंबरोबर बसवा. ताजी सूज, हाडाची चीर, लिगामेंट, गुठळी एवढं ओळखून पुढे पाठवायला शिकले, तर हेच लोक गावातला पहिला आधार होतील.

चार. आपल्यातल्याच दोनचार पोरापोरींनी हे शिकावं. बारावी सायन्स असेल तर फिजिओथेरपी, नसेल तर स्पोर्ट्स मसाजचा चांगला कोर्स. विशेषतः मुलींनी, कारण मुलींच्या संघांना बाई थेरपिस्ट मिळत नाही. खेळून झाल्यावर खेळाजवळ राहायचा हा एक चांगला, पोटापाण्याचा मार्ग आहे.

येत्या हंगामातल्या स्पर्धांचे पोस्टर थोड्या दिवसांत यायला लागतील. माझं सगळ्या मंडळांना जाहीर सांगणं आहे: प्रमुख पाहुण्यांच्या यादीखाली "मैदानावर फिजिओ उपलब्ध" ही एक ओळ छापा. जे मंडळ ती ओळ छापेल आणि पाळेल, त्याच्या स्पर्धेची बातमी मी विजेत्या संघाच्या फोटोच्या वर त्या फिजिओचा उल्लेख करून लावेन.

तुमच्या ओळखीत चांगले, नोंदणीकृत फिजिओ किंवा जाणते मालिश करणारे असतील तर त्यांना विचारून, त्यांच्या परवानगीने मला इनबॉक्समध्ये कळवा. उरण-पनवेल भागाची यादी करायला घेतलीय. नोंदणी तपासून झाली की सगळ्यांसाठी टाकतो. आणि ही पोस्ट आपल्या गावच्या कबड्डी मंडळाच्या ग्रुपवर नक्की पाठवा.